ओसाका : विद्यार्थ्यांच्या गटासाठी कमी खर्चातले शहरदर्शन

जपानला निघणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गटाचा खर्च किती होणार, हे बऱ्याच अंशी मुक्कामासाठी कोणते शहर निवडले यावर ठरते आणि या दृष्टीने ओसाका हे शहर तोक्योपेक्षा उजवे आहे. ओसाका सतराव्या शतकापासून व्यापाऱ्यांचे शहर म्हणून वाढले. देशभरातील सरंजामदारांचा तांदूळ येथील गोदामांत येऊन विकला जात असे आणि दोजिमा येथील तांदूळबाजाराला १७३० मध्ये शोगुनशाहीने, म्हणजे त्या काळच्या लष्करी राजवटीने, अधिकृत मान्यता दिली होती. त्या वारशामुळे छप्पर घातलेल्या लांबलचक बाजारपेठा आणि साधी, स्वस्त खाद्यगृहे या शहरात आजही भरपूर आहेत. शिवाय क्योतो, नारा आणि कोबे ही तिन्ही शहरे साध्या गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर असल्यामुळे एकाच मुक्कामातून ती पाहता येतात आणि दररोज सामान उचलून नवे गाव गाठण्याचा खर्च व शीण दोन्ही वाचतात. विद्यार्थ्यांच्या गटाने सुट्टीचे आठवडे, मुक्कामाचा भाग आणि गटाची लहान तुकड्यांत विभागणी या तीन गोष्टी निघण्यापूर्वी नीट ठरवल्या, तर सवलतीचे पास शोधत बसण्याची फारशी गरज उरत नाही, असे अनुभवी प्रवाशांच्या हिशेबांवरून दिसते.

सुट्टीचा विचार आधी करावा. महाराष्ट्रातील महाविद्यालयांना मे महिन्यात आणि दिवाळीत सुट्टी असते आणि सुदैवाने हे दोन्ही काळ ओसाकाच्या हवामानाला जुळतात. मात्र २९ एप्रिल ते ५ मे या काळात जपानमध्ये लागोपाठ राष्ट्रीय सुट्ट्या येतात, त्या आठवड्याला तेथे ‘गोल्डन वीक’ म्हणतात. या दिवसांत सारा देश प्रवासाला निघतो आणि राहण्याचे दर दुप्पट होणे नवलाचे नसते. म्हणून मे महिन्यात जाणाऱ्या गटाने ७ मेनंतरच पोहोचावे आणि जूनमध्ये पावसाळा सुरू होण्यापूर्वी परतावे. दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी व सुखद असते. फक्त नोव्हेंबरच्या उत्तरार्धात क्योतोमध्ये मेपलची पाने लाल होतात, तेव्हा त्या शहरात फार गर्दी उसळते. मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातील साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, कितीही मोहक असला तरी कमी पैशांत जाणाऱ्यांना तो काळ परवडत नाही. ऑगस्टमध्ये उकाडा असह्य असतो आणि त्या महिन्याच्या मध्याला ओबोन हा पूर्वजांच्या स्मरणाचा सण असल्यामुळे गाड्याही भरलेल्या असतात. आठवड्याच्या हिशेबात शनिवारची रात्र सर्वांत महाग पडते, त्यामुळे पाच रात्रींचा मुक्काम रविवारी सुरू करून शुक्रवारी संपवणे शहाणपणाचे ठरते.

भारतीय पारपत्रधारकांना जपानचा व्हिसा आगाऊ घ्यावा लागतो. महाराष्ट्रातील अर्जदारांसाठी मुंबईत जपानचा महावाणिज्य दूतावास आहे आणि अर्ज त्याने नेमलेल्या केंद्रामार्फत स्वीकारले जातात. गटाच्या बाबतीत अडचण बहुधा एखाद्याच विद्यार्थ्याच्या अपुऱ्या कागदपत्रांमुळे येते. म्हणून पालकांचे उत्पन्नाचे पुरावे, महाविद्यालयाचे ना-हरकत पत्र, दिवसवार कार्यक्रम आणि राहण्याच्या आरक्षणाच्या प्रती सर्वांच्या एकाच नमुन्यात, एकाच वेळी तयार कराव्यात. मुंबईहून ओसाकाला जाताना बहुधा बँकॉक, सिंगापूर किंवा क्वालालंपूर येथे विमान बदलावे लागते आणि तिकीट जितके आधी काढावे तितके स्वस्त पडते; परंतु व्हिसा हाती येण्यापूर्वी रद्द न होणारे तिकीट काढण्याचा मोह गटप्रमुखाने टाळावा. औषधांबाबत जपानचे कायदे कडक आहेत: सर्दीच्या काही गोळ्यांत असणाऱ्या स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक असेल तर ती गोळी नेण्यास मनाई आहे, आणि कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधांवरही मर्यादा आहे. मांसाचे पदार्थ, ताजी फळे व भाज्या नेता येत नाहीत आणि कच्ची कडधान्ये वनस्पती-तपासणीच्या नियमांत येतात. चिवडा, शेव, चकली, गरम पाण्यात भिजवून खाता येणारा उपमा यांसारखे तयार कोरडे पदार्थ मात्र पहिल्या दोन दिवसांची चिंता दूर करतात.

पैशांचा अंदाज करताना अलीकडच्या काळात १०० येन म्हणजे साधारण ५५ ते ६० रुपये धरावेत. एका विद्यार्थ्याला सामाईक खोलीतील खाटेसाठी २,५०० ते ४,००० येन, जेवणखाणासाठी २,००० ते २,५०० येन, शहरांतर्गत प्रवासासाठी ८०० ते १,००० येन आणि प्रवेशशुल्कासाठी सरासरी १,००० येन लागतील असे धरले, तर विमानप्रवास वगळून दिवसाचा खर्च साधारण साडेतीन ते पाच हजार रुपयांत बसतो. या रकमेला सर्वांत मोठा धक्का लागतो तो युनिव्हर्सल स्टुडिओसारख्या मनोरंजन उद्यानामुळे, कारण त्याचे एका दिवसाचे तिकीटच संपूर्ण दिवसाच्या खर्चाहून अधिक आहे. गटाच्या सामाईक कार्यक्रमात त्याचा समावेश न करता ज्यांना जायचे असेल त्यांनी स्वतःच्या पैशाने एक दिवस काढावा, हेच न्याय्य. सामाईक खर्चासाठी प्रत्येकाकडून समान वर्गणी घेऊन ती एका खजिनदाराकडे द्यावी आणि हिशेब रोज रात्री लिहावा. कार्डे बहुतेक ठिकाणी चालतात. मात्र ती परदेशी व्यवहारांसाठी सुरू केली आहेत का, हे भारतातच तपासावे. छोटी खाद्यगृहे, देवळे आणि प्रवासकार्डे भरण्याची यंत्रे यांसाठी रोख लागते, ती सेव्हन-इलेव्हन या चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानांतील एटीएममधून परदेशी कार्डावरही मिळते.

गटाची विभागणी हा या सर्व नियोजनाचा कणा आहे, तरीही तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. ओसाकातील अनेक खाद्यगृहांत एका लांब फळीपुढे आठ-दहा जणांची बसण्याची सोय असते, मेजे चौघांसाठी असतात, टॅक्सीत चौघे बसतात आणि स्वस्त वसतिगृहांतील खोल्याही बहुधा चार ते सहा खाटांच्या असतात. वीस जणांचा घोळका एकत्र हिंडू लागला की त्याला सामावून घेणारे महागडे उपाहारगृहच गाठावे लागते आणि प्रत्येक स्थानकावर शेवटच्या माणसाची वाट पाहण्यात तास-दीड तास वाया जातो. म्हणून गटाचे चौघा-चौघांचे जथे करावेत, प्रत्येक जथ्यात थोडेफार जपानी वाचू शकणारा एक जण असावा आणि सर्वांनी फक्त सकाळी व संध्याकाळी ठरलेल्या जागी भेटावे. पुण्यात जपानी भाषेचे अध्ययन कित्येक दशकांपासून चालू असल्यामुळे तेथील महाविद्यालयांच्या गटांत असे विद्यार्थी सहज मिळतात. काताकाना ही परदेशी शब्दांसाठी वापरली जाणारी लिपी दोन-तीन आठवड्यांत शिकता येते आणि खाद्यपदार्थांच्या पाट्या वाचण्यास तिचा मोठा उपयोग होतो.

मुक्कामासाठी शहराच्या दक्षिणेकडील शिन्-इमामिया या स्थानकाच्या परिसराची निवड करावी. विमानतळावरून येणाऱ्या नानकाई या खासगी रेल्वेच्या गाड्या येथे थांबतात, शहराला प्रदक्षिणा घालणारी जेआरची, म्हणजे जपान रेल्वेची, लूप लाइन येथून जाते आणि दोबुत्सुएन-माए हे मेट्रोचे स्थानक काही पावलांवर आहे. हा भाग दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात बांधकामांवर व बंदरात राबणाऱ्या रोजंदारी मजुरांच्या वस्तीचा होता; त्यांच्यासाठी उभारलेल्या ‘दोया’ नावाच्या एकेरी खोल्यांच्या निवासांपैकी काहींचे पुढे प्रवाशांसाठीच्या स्वस्त वसतिगृहांत रूपांतर झाले. तो आजही श्रीमंतांचा भाग नाही, रस्त्यांवर म्हातारे, एकाकी झालेले मजूर दिसतात आणि त्यांची छायाचित्रे काढणे सर्वथा अनुचित आहे. ज्या शहराचे पूल, बोगदे आणि उंच इमारती पाहायला प्रवासी येतात ते शहर याच माणसांनी उभे केले, याची जाणीव विद्यार्थ्यांनी तेथे राहताना ठेवावी. मुलींच्या जथ्यांसाठी स्वतंत्र मजला असलेली वसतिगृहे निवडावीत. एक-दोन रात्री वेगळा अनुभव हवा असेल तर कॅप्सूल हॉटेल, म्हणजे एका माणसापुरत्या झोपण्याच्या कप्प्यांचे निवासस्थान, घेता येते. असे जगातील पहिले हॉटेल १९७९ मध्ये ओसाकातच उमेदा भागात सुरू झाले आणि त्याची रचना वास्तुविशारद किशो कुरोकावा यांनी केली होती. मात्र पुष्कळशी कॅप्सूल हॉटेले फक्त पुरुषांसाठी असतात.

कान्साई विमानतळ समुद्रात भर घालून तयार केलेल्या कृत्रिम बेटावर असून तो १९९४ मध्ये सुरू झाला. तेथून नानकाईच्या साध्या जलद गाडीने शिन्-इमामिया किंवा नाम्बा येथे पाऊण तासात, सुमारे १,००० येनांत पोहोचता येते. त्याच मार्गावरील आरक्षित आसनांच्या वेगवान गाडीत जादा पैसे पडतात आणि वेळ मात्र थोडाच वाचतो. जपानभर चालणारा जेआर पास ऑक्टोबर २०२३ पासून सात दिवसांसाठी ५०,००० येन इतका महाग झाला आहे, त्यामुळे ओसाकाभोवती फिरणाऱ्या गटाने तो मुळीच घेऊ नये. जपानी रेल्वेची विद्यार्थी सवलत तेथील मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांच्या विद्यार्थ्यांनाच मिळते, हेही आधीच समजून घ्यावे; भारतातील ओळखपत्रावर ती मागणे निरर्थक आहे. शहरात फिरण्यासाठी इकोका हे पैसे भरून वापरायचे कार्ड प्रत्येकाने घ्यावे. २,००० येनांच्या कार्डात ५०० येन अनामत असते आणि उरलेले १,५०० येन वापरता येतात. मेट्रोचा दिवसभराचा ‘एन्जॉय इको कार्ड’ हा पास अलीकडच्या दरांनुसार कामाच्या दिवशी ८२० येनांना आणि शनिवार-रविवारी ६२० येनांना मिळतो, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी तो जवळजवळ नेहमीच फायद्याचा ठरतो, तर इतर दिवशी चारहून अधिक वेळा मेट्रोत चढायचे असेल तरच घ्यावा. अनेक प्रेक्षणीय स्थळांच्या प्रवेशासह मिळणारा तीन हजार येनांहून महाग पास दिवसभर धावाधाव केली तरच वसूल होतो आणि त्या धावपळीत पाहण्याचे समाधान हरवते. विद्यार्थ्यांनी तो टाळलेलाच बरा.

दिवसांची वाटणी शहराच्या भागांनुसार करावी. पहिला पूर्ण दिवस ओसाका किल्ल्याला द्यावा, कारण इतका ऐवज इतक्या कमी पैशांत अन्यत्र मिळत नाही. देशाचे एकीकरण पूर्णत्वास नेणाऱ्या तोयोतोमी हिदेयोशी याने १५८३ मध्ये या किल्ल्याचे बांधकाम सुरू केले. १६१५ च्या वेढ्यात तोकुगावा घराण्याने त्याच्या वारसाचा पाडाव केला आणि १६२० पासून जुन्या तटांवर मातीची भर घालून त्यांवर स्वतःचा नवा किल्ला उभारला. आज दिसणारे प्रचंड दगडी तट या दुसऱ्या बांधकामाचे आहेत. ते उभारण्याचे काम देशातील सरंजामदारांवर वाटून टाकले होते आणि कोणता दगड कोणी आणला याचा वाद होऊ नये म्हणून प्रत्येकाने आपल्या दगडांवर खुणा कोरल्या. या खुणा तटांवर अजून वाचता येतात आणि त्या शोधत फिरणे हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक उत्तम अभ्यास आहे. साकुरा दरवाजाच्या आत ‘ताको-इशी’ नावाची सुमारे १०८ टन वजनाची मानली जाणारी शिळा आहे, ती ओकायामाचा सरंजामदार इकेदा तादाओ याने बसवली. पुण्यातील पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर रचले आहे, ती बागही ओकायामाच्या याच इकेदा घराण्याने पुढे घडवली, ही गोष्ट पुण्याच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. तट, खंदक आणि उद्यान पाहण्यास शुल्क नाही. मधला मनोरा १६६५ मध्ये वीज पडून जळाला आणि सध्याचा मनोरा नागरिकांच्या देणग्यांतून १९३१ मध्ये काँक्रिटमध्ये बांधला गेला. त्यातील संग्रहालयाचे प्रवेशशुल्क एप्रिल २०२५ पासून प्रौढांना १,२०० येन असून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ओळखपत्र दाखवल्यास ते निम्मे पडते. संग्रहालय पाहायचेच असेल तर सकाळी नऊला उघडताच शिरावे. वेळ कमी असेल तर तटांचीच फेरी मोठी करावी.

किल्ल्याहून पश्चिमेला चालत निघाले की नाकानोशिमा हे दोन नद्यांच्या पात्रांमधले चिंचोळे बेट लागते. तेथील लाल विटांचे सार्वजनिक सभागृह १९१८ मध्ये पूर्ण झाले. इवामोतो एइनोसुके या रोखे दलालाने त्यासाठी संपत्ती दिली होती, पण बाजारात मोठा तोटा होऊन ते पूर्ण होण्यापूर्वीच त्याने जीवन संपवले. शेजारी १९०४ चे दगडी ग्रंथालय आहे. तेथून उत्तरेकडे तेन्जिन्बाशी-सुजी ही सुमारे अडीच किलोमीटर लांबीची छप्पर घातलेली बाजारपेठ सुरू होते, ती जपानमधील सर्वांत लांब पेठ मानली जाते आणि तिच्यात पर्यटकांपेक्षा स्थानिक गिऱ्हाइकांचाच राबता असल्यामुळे दर माफक असतात. पेठेच्या उत्तर टोकाला निवास व जीवनशैलीचे संग्रहालय असून त्यात एदो काळातील, म्हणजे १६०३ ते १८६८ या कालखंडातील, ओसाकाची गल्ली घरांसह पूर्ण आकारात उभी केली आहे. ते मंगळवारी बंद असते. हा सारा दिवस पायी होतो आणि प्रवासाचा खर्च दोन तिकिटांहून अधिक येत नाही.

दक्षिण भागासाठी वेगळा दिवस ठेवावा. राजपुत्र शोतोकू याने ५९३ मध्ये स्थापन केलेले शितेन्नोजी हे जपानमधील अगदी आरंभीच्या बौद्ध मठांपैकी एक होय. इमारती युद्धोत्तर काळात पुन्हा बांधल्या असल्या तरी दरवाजा, स्तूपाचा मनोरा, मुख्य मंदिर आणि प्रवचनगृह एका सरळ रेषेत ठेवण्याची मूळची मांडणी कायम आहे. महिन्याच्या २१ व २२ तारखांना येथे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो आणि सहलीच्या तारखा त्याला जुळवता आल्या तर जरूर जुळवाव्यात. जवळच्याच आबेनो हारुकास या ३०० मीटर उंच इमारतीच्या वरच्या निरीक्षण-मजल्यांना शुल्क आहे, परंतु सोळाव्या मजल्यावरील बागेत विनामूल्य जाता येते आणि तेथूनही शहर चांगले दिसते. शिन्सेकाई या शेजारच्या वस्तीत १९५६ मध्ये बांधलेला त्सुतेन्काकु मनोरा उभा आहे. दुपारी रस्त्यावरून धावणाऱ्या जुन्या ट्रामने सुमियोशी ताइशा या शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्मपरंपरेच्या, देवस्थानात जावे. बौद्ध स्थापत्याचा प्रभाव पडण्यापूर्वीची सरळ, वळण नसलेल्या छपरांची शैली येथील १८१० च्या मंदिरांत जपलेली आहे आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

बंदराकडील भागात फारशा प्रवाशांच्या लक्षात न येणारी एक सोय आहे. ओसाकात नद्यांच्या मुखांजवळ मोठ्या जहाजांसाठी पूल फार उंच बांधावे लागले, त्यामुळे पायी जाणाऱ्यांना ते ओलांडणे कठीण झाले. या लोकांसाठी महानगरपालिका आठ ठिकाणी छोट्या होड्या चालवते आणि १९२० पासून त्यांचे भाडे घेतले जात नाही. या होड्यांत शाळेतली मुले, सायकली घेतलेले कामगार आणि बाजारहाट करून परतणाऱ्या बायका बसतात. ओसाकाको स्थानकाजवळच्या तेम्पोझान धक्क्यावरून अशी होडी पलीकडच्या साकुराजिमाला जाते. समोर बंदर, वर अजस्र पूल आणि शेजारी रोजच्या कामाला निघालेली माणसे असा हा काही मिनिटांचा प्रवास महागड्या पर्यटक-नौकेपेक्षा शहराची अधिक खरी ओळख करून देतो.

उत्तरेकडील उपनगरांत १९७० च्या जागतिक प्रदर्शनाचे उद्यान आहे. तेथील तारो ओकामोतो यांचा सत्तर मीटर उंच ‘सूर्याचा मनोरा’ आणि १९७७ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालय यांसाठी अर्धा दिवस पुरत नाही. संग्रहालयात दक्षिण आशियाचे स्वतंत्र दालन आहे, विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत मिळते आणि बुधवारी ते बंद असते. तेथून मोनोरेल व हांक्यू रेल्वेने इकेदा येथे गेल्यास कप नूडल्स संग्रहालय लागते, त्याचा प्रवेश विनामूल्य आहे. मोमोफुकु आंदो यांनी १९५८ मध्ये याच गावी झटपट नूडल्सचा शोध लावला. हे संग्रहालय मंगळवारी बंद असते, म्हणून उत्तरेचा दिवस सोमवारी, गुरुवारी किंवा शुक्रवारी ठेवावा.

जेवणाच्या बाबतीत ओसाका उदार शहर आहे, परंतु शाकाहारी विद्यार्थ्यांना येथे खरी तयारी लागते. बहुतेक रस्सा, सार आणि भाज्यांचा पाया दाशी हा असतो आणि दाशी म्हणजे बहुधा वाळवलेल्या कात्सुओ माशाच्या कापांपासून काढलेले पाणी. त्यामुळे ताटात मांस किंवा मासा दिसला नाही तरी पदार्थ शाकाहारी असतोच असे नाही. कोबी घालून तव्यावर भाजलेल्या ओकोनोमियाकी या धिरड्याच्या पिठातही दाशी असते, आणि काठीला खोचून तळलेल्या कुशिकात्सुमध्ये कमळकाकडी, कांदा, भोपळा मिळत असला तरी तेल मांसाबरोबरचेच असते. ‘निकु, साकाना, दाशी नाशी दे’ म्हणजे मांस, मासा व दाशी न घालता, हे वाक्य जपानी लिपीत लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक शाकाहारी विद्यार्थ्याच्या खिशात असावी. भाजलेले रताळे, उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा, तोफू, फळे, पाव आणि नुसता मिठाचा भाताचा लाडू हे पदार्थ सुपरमार्केटात सर्वत्र मिळतात. वसतिगृहात स्वयंपाकघर असेल तर तेथे मिळणाऱ्या तांदळाचा भात करून सोबतचे मेतकूट व लोणचे घेतल्यास रात्रीचे जेवण तीनशे येनांत होते. जैन विद्यार्थ्यांनी कोबे येथे एक दिवस जावे. मोत्यांच्या व्यापारासाठी आलेल्या भारतीय कुटुंबांची तेथे जुनी वस्ती असून कितानो भागात जैन मंदिरही आहे. मांसाहारी विद्यार्थ्यांचा प्रश्न सोपा आहे: गोमांस वर्ज्य असलेल्यांनी ग्युदोन हा भातावरचा स्वस्त पदार्थ गोमांसाचा असतो एवढे ध्यानात ठेवावे, बाकी ताकोयाकी हे अष्टपादाच्या तुकड्यांचे आप्प्यांसारखे गोळे आणि मोठ्या वाडग्यातील उदोन नूडल्स सहाशे-सातशे येनांत पोट भरतात. सुपरमार्केटात संध्याकाळी सातनंतर तयार डब्यांवर सवलतीचे कागद चिकटवले जातात, दुकान बंद होण्याच्या सुमारास ते अर्ध्या किमतीला मिळतात. खाद्यपदार्थ घरी नेल्यास उपभोग कर आठ टक्के आणि तेथेच बसून खाल्ल्यास दहा टक्के लागतो. बक्षिसी देण्याची प्रथा नाही. मात्र इझाकाया या मद्यपान व खाणे यांच्या ठिकाणी न मागता छोटी वाटी समोर येते आणि तिचे माणशी तीनशे-चारशे येन देयकात धरले जातात. ती बसण्याची फी समजावी.

संध्याकाळी दोतोंबोरीच्या कालव्याकाठी रोषणाई पाहण्यास जावे, पण जेवण तेथे करू नये, कारण त्या शंभर पावलांत दर सर्वांत चढे असतात. त्याऐवजी निप्पोन्बाशी येथील राष्ट्रीय बुनराकु नाट्यगृहाचे वेळापत्रक आधीच पाहावे. बुनराकु हा ओसाकात वाढलेला बाहुल्यांचा रंगमंच आहे. मुख्य बाहुली तीन सूत्रधार मिळून हाताळतात, एकच निवेदक सर्व पात्रांचे संवाद म्हणतो आणि साथीला शामिसेन हे तीन तारांचे वाद्य असते. संपूर्ण प्रयोगाचे तिकीट महाग असले तरी एकाच अंकाचे तिकीट थोड्या पैशांत मिळते, आणि नाट्यशास्त्राच्या किंवा साहित्याच्या विद्यार्थ्यांनी एक वेळचे जेवण साधे करून का होईना, पण हा अंक पाहावा.

शहराबाहेरच्या एका दिवसासाठी बहुतेक गट क्योतो निवडतात आणि उमेदाहून हांक्यू रेल्वेने तेथे जाणे सर्वांत स्वस्त पडते. नारा येथील तोदाइजी मंदिरातील महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन ७५२ मध्ये बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाले होते, हे माहीत असल्यास त्या मूर्तीपुढे उभे राहण्याला वेगळा अर्थ येतो. परंतु महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी विचार करावा असे तिसरे ठिकाण म्हणजे कोयासान. कुकाई या भिक्षूने ८१६ मध्ये या डोंगरावर शिंगोन पंथाचा मठ स्थापला. तेथील कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा पुतळा असून त्याचे अनावरण २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते झाले. शिन्-इमामियाहून नानकाईची गाडी आणि शेवटी दोरखंडाने ओढली जाणारी डोंगरगाडी असा सुमारे दोन तासांचा प्रवास आहे. ओकुनोइन येथील उंच देवदारांखालच्या प्राचीन स्मशानभूमीत विनाशुल्क फिरता येते. डोंगरावर ओसाकापेक्षा थंडी बरीच अधिक असते आणि शेवटच्या गाडीची वेळ चुकली तर राहण्याचा खर्च साऱ्या आठवड्याचे गणित बिघडवतो.

वागण्याचे नियम थोडे आहेत, पण गटाकडून ते लवकर मोडले जातात. गाडीत मोठ्याने बोलू नये व फोनवर बोलणे टाळावे. सरकत्या जिन्यावर ओसाकात उजवीकडे उभे राहतात, तोक्योत डावीकडे. मेट्रोच्या मिदोसुजी मार्गावर कामाच्या दिवशी एक डबा दिवसभर स्त्रियांसाठी राखीव असतो, मुलांनी त्यात चढू नये. कचऱ्याच्या पेट्या क्वचितच दिसतात, म्हणून पिशवी जवळ ठेवावी. परदेशी व्यक्तीने मूळ पारपत्र सतत जवळ बाळगणे कायद्याने आवश्यक आहे. मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास थांबते. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९ हे क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये असावेत. वैद्यकीय उपचार फार महाग असल्यामुळे प्रवासविम्यात कपात करण्याची चूक कोणत्याही गटाने करू नये, तसेच भूकंपाचा इशारा इंग्रजीत देणारे ‘सेफ्टी टिप्स’ हे ॲप आधीच उतरवून घ्यावे.

परतीच्या दिवशी सकाळी खोल्या सोडाव्या लागतात आणि विमान रात्रीचे असते, तेव्हा सामान वसतिगृहातच ठेवू देतात का हे विचारावे, अन्यथा स्थानकावरील कप्प्यांना प्रत्येकी चारशे ते आठशे येन लागतात व चौघांनी मोठा कप्पा वाटून घेतल्यास ते परवडते. इकोका कार्डातील उरलेली रक्कम कोणत्याही चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात खर्च करता येते. शिल्लक शून्य करून कार्ड जेआर पश्चिमच्या स्थानकावर परत केल्यास अनामत ५०० येन पूर्ण मिळतात, तर शिल्लक असताना परत केल्यास तिच्यातून २२० येन शुल्क कापले जाते. नाव न नोंदवलेले कार्ड दुसऱ्यालाही वापरता येते आणि शेवटच्या वापरानंतर दहा वर्षे ते चालू राहते, त्यामुळे पुढच्या वर्षी त्याच महाविद्यालयाचा दुसरा गट जाणार असेल तर सर्व कार्डे आणि खजिनदाराची हिशेबाची वही एकत्र करून त्या गटाच्या प्रमुखाकडे सोपवावीत.